क्लासिक ३५० : फिल्टर, सायलेन्सर, जेटिंग. १२ हजारांत काय करू? (नाशिक)

घाटचढा (धागाकर्ता)
नमस्कार मंडळी. माझी २०१७ ची रॉयल एनफिल्ड क्लासिक ३५० आहे, कार्ब्युरेटरवाली (हवा-पेट्रोल मिसळणारा जुना प्रकार, इंजेक्शन नाही). ५८ हजार किमी झालेत. रोज इंदिरानगर ते सातपूर एमआयडीसी, आणि वर्षातून चार-पाच वेळा आईला मागे बसवून सप्तशृंगी गडावर. गेल्या चैत्रात नांदुरीतून वर चढताना गाडीने मान टाकली. तिसऱ्यात दम नाही, दुसऱ्यात टाकली तर नुसती ओरडते, पुढे सरकत नाही. मागून एसटी. आई काही बोलली नाही, पण खांदा घट्ट धरला तिने, तेवढ्यात मला कळलं.
विचार असा आहे की हाय-फ्लो (जास्त हवा सोडणारा) फिल्टर, फ्री-फ्लो (मोकळा) सायलेन्सर आणि त्याप्रमाणे जेटिंग, म्हणजे कार्ब्युरेटरमधले पेट्रोल सोडणारे जेट बदलणं, करून घ्यावं. आधी काय, नंतर काय? बजेट १२ हजार, त्यावर एक रुपया नाही. आवाज थोडा भरदार झाला तर आवडेल, खोटं कशाला बोलू.

सातपूरकर
सरळ डॉल्फिन सायलेन्सर टाक. मी तीन वर्षांपूर्वी टाकला, गाडी वेगळीच झाली. कॉलेज रोडला सिग्नलवर लोक वळून बघतात. फिल्टर-बिल्टर नंतर बघू.

डबलबॅरल
फिल्टर, सायलेन्सर आणि ट्यूनिंग हे तिन्ही एकत्रच करायचं असतं, सुटं सुटं केलं की पैसे पाण्यात. माझी ६५० आहे, इंजेक्शनवाली. दोन्ही बाजूंना स्लिप-ऑन सायलेन्सर, धुवायचा कॉटन फिल्टर आणि पिगीबॅक ट्यूनर. पिगीबॅक ईसीयूकडून (इंजिनाच्या कॉम्प्युटरकडून) येणारा इंजेक्टरचा सिग्नल मध्येच पकडून पेट्रोल कमी-जास्त करतो. नुसता सायलेन्सर बदललास तर संथ चालवताना ओटू (ऑक्सिजन) सेन्सर हवा-पेट्रोलचं मिश्रण ओढून १४.७ ला १ वर आणतो, पण पूर्ण थ्रॉटलला त्याचं काही चालत नाही, तिथे इंजिन लीन (हवा जास्त, पेट्रोल कमी) पळतं आणि तापतं. सगळं मिळून माझे ४० हजारांच्या पुढे गेले. पण नाशिक-सापुतारा असा निघतो की विचारू नका.

रिंगरोडचा
डबलबॅरल दादा, त्याने पहिल्याच ओळीत लिहिलंय, कार्ब्युरेटर आहे. ना इंजेक्टर, ना ओटू सेन्सर. पिगीबॅक लावणार कुठे? आणि बजेट १२ आहे, ४० नाही.

डबलबॅरल
बरोबर, माझं वाचायचं राहिलं. पण तत्त्व तेच आहे, हवा वाढली की पेट्रोल वाढलं पाहिजे. तिथे जेट बदलायचे एवढंच. आणि खरं सांगू का, जुनी विकून नवीन ३५० घे. ते इंजिन फार गुळगुळीत आहे.

लोखंडी७८
आधी टॅपेट (व्हॉल्व्हची फट) सेट करून घे. निम्म्या गाड्यांचा दम टॅपेटमुळे जातो. मी माझ्या बुलेटचे दर महिन्याला स्वतः करतो, फीलर गेजसुद्धा लागत नाही, पुशरॉड बोटांनी फिरवून कळतं.

रिंगरोडचा
काका, तुमची जुनी कास्ट आयर्न इंजिनवाली आहे. याच्या इंजिनात टॅपेट हायड्रॉलिक आहेत, ते ऑइलच्या दाबावर आपोआप जुळतात. सेट करायला स्क्रूच नाही.

लोखंडी७८
म्हणूनच या नव्या गाड्यांत जीव नाही. माझी अजून कसारा उतरून परत चढते, तेही मंडळी मागे असताना.

काळाप्लग
मी बावीस वर्षं गाड्या खोलतोय, म्हणून जरा सविस्तर लिहितो. सायलेन्सर सोडा दोन मिनिटं.
या इंजिनाचा बोअर ७० मिमी, स्ट्रोक ९० मिमी. म्हणजे लांब स्ट्रोकचं, खालच्या आरपीएमवर ओढणारं इंजिन. २८ एनएम टॉर्क ४००० वर मिळतो आणि १९.८ बीएचपी ५२५० वर. घाटात तुम्ही असता २५००-३५०० च्या आसपास. मोकळा सायलेन्सर जे काही देतो ते वरच्या आरपीएमला, खाली उलट थोडं काढूनच घेतो. आई मागे बसलेली असताना तुम्ही ५००० ला गाडी पिळणार आहात का? नाही ना? मग चढावर त्या सायलेन्सरचा उपयोग किती, ते तुम्हीच ठरवा.
दुसरं, तुम्ही म्हणता दुसऱ्यात टाकली तर ओरडते पण पुढे सरकत नाही. आरपीएम चढतोय आणि वेग चढत नाही, तर क्लच प्लेट घसरतायत. आरपीएमच चढत नसेल आणि नुसता घरघर आवाज असेल, तर कार्ब्युरेटरचा डायफ्राम (पातळ रबरी पडदा) बघा. हा सीव्ही कार्ब्युरेटर आहे. थ्रॉटलची केबल स्लाइड (हवेच्या वाटेतला वर-खाली होणारा तुकडा) उचलत नाही, फक्त बटरफ्लाय (चकतीसारखी झडप) उघडते. स्लाइड वर जाते ती डायफ्रामच्या वरच्या कप्प्यात व्हॅक्यूम तयार होतो म्हणून. त्या रबराला सुईएवढं भोक पडलं तरी व्हॅक्यूम गळतो, स्लाइड पूर्ण वर जात नाही, आणि गाडी अर्ध्या थ्रॉटलनंतर मेल्यासारखी होते. सपाट रस्त्यावर समजतही नाही, घाटातच उघडं पडतं. घरी बघता येईल: फिल्टरच्या बाजूचं रबर सोडा, बोटाने स्लाइड वर ढकला आणि सोडा. सावकाश खाली आली तर ठीक, धपकन पडली तर डायफ्राम गेला.
हे सगळं तपासल्याशिवाय जेट बदलू नका. आजारी गाडीवर जेटिंग केलं की आजार झाकला जातो, बरा होत नाही.

सातपूरकर
पण सायलेन्सरने पिकप वाढतो हे मी स्वतः अनुभवलंय.

काळाप्लग
आवाज वाढला की पिकप वाढल्यासारखा वाटतो. मीटरवर बघा, स्टॉपवॉच लावून बघा.

द्राक्षमळा
फिल्टरबद्दल माझा अनुभव नक्की वाचा. मी एअरबॉक्स (फिल्टरचा बंद डबा) काढून उघडा कोन फिल्टर लावला होता. दिसायला फार सुंदर. आमचं गाव निफाड तालुक्यात, मळ्यापर्यंतचा रस्ता मातीचा. एका उन्हाळ्यात इंजिन ऑइल खायला लागलं, निळा धूर. खोलल्यावर सिलिंडरला उभ्या रेघा, बोअर मारून मोठा पिस्टन टाकावा लागला. फिल्टर धुतल्यावर त्याला तेल लावायचं असतं आणि मी कोरडाच लावत होतो. तेलच धूळ पकडतं. हे कुणी मला सांगितलं नव्हतं, म्हणून तुला सांगतोय.

त्र्यंबकवारी
उघड्या फिल्टरबद्दल पूर्ण सहमत. श्रावणात त्र्यंबक रोडला पावसात माझी बंद पडली होती. फिल्टर ओला झाला की हवाच मिळत नाही. एअरबॉक्स ठेवा.

सातपूरकर
एअरबॉक्स ठेवून आत हाय-फ्लो पॅनल घालता येतो ना. उघडा कोन कोण म्हणतंय?

पीयूसीवाला
कायद्याचं कुणीच बोलत नाहीये. आवाज आणि प्रदूषणाची मानकं मोडली तर मोटार वाहन कायद्याच्या कलम १९०(२) खाली पहिल्याच वेळी १० हजारांपर्यंत दंड, तीन महिन्यांपर्यंत कैद किंवा दोन्ही, शिवाय लायसन्सवर गदा. १७५ सीसीच्या वरच्या दुचाकीला ८० डेसिबलची मर्यादा आहे. माझ्या धाकट्या भावाची गाडी भर चौकात थांबवून सायलेन्सर काढून घेतला होता, घरी रिक्षाने आला. पूर्ण बजेट एका चौकात जाईल.

सातपूरकर
मला तीन वर्षांत एकदाही अडवलं नाही.

पीयूसीवाला
म्हणून ते कायदेशीर होत नाही भाऊ. शेजारी म्हातारी माणसं असतात, लहान बाळं असतात. रात्री अकराला तुमचा आवाज त्यांच्या घरात जातो.

गोदाकाठची
मी बाई आहे आणि माझीही क्लासिक आहे, हे आधी सांगते कारण मागच्या धाग्यावर मला सगळे भाऊ म्हणत होते. एक स्वस्त उपाय अजून कुणी सांगितला नाही. पुढचं स्प्रॉकेट (चेनचं दातेरी चक्र) एक दात कमीचं. खर्च फार तर हजार-दीड हजारात, फिटिंग धरून. चाकावरचा ओढा साधारण सहा टक्के वाढतो, प्रत्येक गिअरमध्ये, आणि अगदी खालपासून. घाटाला हेच हवं असतं. तोटा एकच, हायवेला त्याच वेगाला इंजिन थोडं जास्त फिरतं, ८० च्या पुढे हाताला झिणझिण्या येतात. स्पीडोमीटर पुढच्या चाकावरून चालतो, तो चुकत नाही. मी हे करून गडावर सासूबाईंना घेऊन गेलेय.

डबलबॅरल
स्प्रॉकेट म्हणजे ट्यूनिंग नव्हे पण.

गोदाकाठची
त्याला ट्यूनिंग हवंय की आईला वर न्यायचंय?

ऊसतोड
कुणी पेट्रोलचं बोललं नाही. आता पंपावर २० टक्के इथेनॉलचं पेट्रोल. माझा ॲव्हरेज ३५ वरून ३१ वर आलाय. गाडीचा दोष नाही, पेट्रोलचा दोष आहे.

काळाप्लग
यात तथ्य आहे. इथेनॉलमध्ये स्वतःचा ऑक्सिजन असतो, त्यामुळे तेवढ्याच हवेला पेट्रोल जास्त लागतं. इंजेक्शनची गाडी सेन्सर बघून वाढवून घेते, कार्ब्युरेटरला ते कळत नाही, तो जुन्याच मापाने देतो. म्हणजे २०१७ ची गाडी आज मुळातच थोडी लीन चालतेय. त्यावर मोकळा सायलेन्सर लावला की अजून लीन. प्लग काढून बघा: पांढराफटक असेल तर लीन, काजळी असेल तर रिच (पेट्रोल जास्त), विटकरी-तपकिरी असेल तर उत्तम. लीन असेल तर मेन जेट एक माप मोठा आणि पायलट स्क्रू पाव-अर्धा फेरा बाहेर. एका वेळी एकच बदल, मग २०-२५ किमी चालवा आणि प्लग पुन्हा बघा.

सातपूरकर
आणि फटाके? माझी थ्रॉटल सोडला की फटफट करते, ते लीन म्हणूनच का?

काळाप्लग
काही अंशी. या इंजिनाला पीएव्ही व्हॉल्व्ह असतो, तो एक्झॉस्टमध्ये ताजी हवा सोडतो, उरलेलं पेट्रोल जळावं म्हणून. मोकळ्या सायलेन्सरमध्ये ते जळणं ऐकू येतं. लोक तो बंद करतात, मग फटाके थांबतात पण पीयूसीला आकडे वाढतात.

लोखंडी७८
आमच्या वेळी पीयूसी नव्हतं आणि गाड्या जास्त चालायच्या.

रिंगरोडचा
काका, धागा भरकटतोय. घाटचढा, तू कुठे आहेस? शनिवारपासून तुझं उत्तर नाही.

घाटचढा (धागाकर्ता)
आलो. सगळ्यांचे मनापासून आभार, एकेक ओळ वाचली.
शनिवारी मित्राच्या अंगणात स्लाइड ढकलून बघितली. धपकन पडली. डायफ्राम काढून उजेडात धरला तर घडीवर बारीक चीर, नखाएवढी. काळाप्लग दादा, तुमचे पाय धरावेसे वाटले. एअर फिल्टर तर मातीच्या विटेसारखा झाला होता. प्लग पांढरा. नवीन डायफ्राम, कंपनीचाच साधा फिल्टर, प्लग आणि एक माप मोठा मेन जेट, कार्ब्युरेटर साफ करण्यासकट सगळं मिळून ३ हजार ४०० झाले.
रविवारी पहाटे एकटाच नांदुरीला गेलो. तिसऱ्यात वर गेली. मधे एका वळणावरच दुसरा टाकला. वर जाऊन दर्शन घेतलं आणि आईला फोन लावला.
स्प्रॉकेट बदलत नाहीये ताई, हायवेला झिणझिण्या नकोत, महिन्यातून दोनदा ठाण्याला जावं लागतं. आणि उरलेल्या पैशांत सायलेन्सर घेतलाय. माहीत आहे, तुम्ही बहुतेकांनी नको सांगितलंत. डीबी किलर (आवाज कमी करणारा आतला तुकडा) आतच राहणार, आणि कंपनीचा सायलेन्सर गोणपाटात गुंडाळून माळ्यावर ठेवलाय. लहानपणी वडिलांची बुलेट गल्लीच्या तोंडाशी आली की आम्हाला कळायचं. तो आवाज मला हवा आहे.

पीयूसीवाला
डीबी किलर असला तरी ८० च्या आत बसतो का, हे मोजल्याशिवाय कळत नाही. तपासून घे. आणि रात्री गल्लीत शिरताना थ्रॉटल सोड.

काळाप्लग
सायलेन्सर लावल्यावर ५० किमीने प्लग परत काढून बघा आणि इथे फोटो टाका. पुन्हा पांढरा झाला तर अजून एक माप वर जावं लागेल.

सातपूरकर
डॉल्फिनच घेतला ना?