इटालियन स्थलांतरितांची मंडळं: गावाचं बरं की सगळ्यांचं मिळून एक?

टिपणवही: न्यूयॉर्कच्या लिटल इटलीत १९०५ साली सिसिलीहून आलेल्या डॉ. व्हिन्सेंझो सेलारो यांनी 'सन्स ऑफ इटली' ही संघटना काढली. तोवर तिथे गावागावाची वेगळी मंडळं होती, बरीचशी गावच्या संताच्या नावाची. वर्गणी भरायची, आजारपणात हातात चार पैसे पडायचे, माणूस गेला तर अंत्यविधीचा खर्च निघायचा. कामावरच्या अपघाताची भरपाई देणारा कायदा न्यूयॉर्क राज्यात १९१४ पासून टिकला. त्याआधी बांधकामावर पाय मोडला की या मंडळाशिवाय वाली कोण? सभासदांच्या छातीवरच्या फितीला दोन बाजू असत: सणाच्या मिरवणुकीत रंगीत, अंत्ययात्रेत उलटून काळी. माझं मत स्पष्ट आहे. संघटना मोठी झाली आणि ही आपुलकी आटली.

रेवदंडेकर: साफ असहमत. १४ मार्च १८९१ ला न्यू ऑर्लिन्समध्ये जमावाने तुरुंगात घुसून ११ इटालियनांना ठार मारलं. त्यांतले काही जण आदल्याच दिवशी पोलिसप्रमुखाच्या खुनाच्या खटल्यातून निर्दोष ठरले होते! अशा वेळी एका गावाचं मंडळ काय करणार, प्रेतं उचलणार? पालेर्मोवाला नि नेपल्सवाला एकमेकांना परका मानत होते, तोवर दोघांनाही कोणी विचारत नव्हतं. इंग्रजीचे वर्ग आणि नागरिकत्वासाठी मदत या कामांना मोठीच संघटना लागते.

टिपणवही: रेवदंडेकर, मोठ्या संघटनेचा आवाज मोठा, पण तो वापरतो कोण? १९२०च्या दशकात तिचे सर्वोच्च प्रमुख जोव्हान्नी दि सिल्वेस्त्रो मुसोलिनीचे उघड समर्थक होते. त्या वादात न्यूयॉर्कची शाखा फुटून वेगळी झाली. पुढे युद्धात अमेरिकेतल्या सुमारे ६ लाख इटालियन नागरिकांवर 'शत्रुदेशाचे' असा शिक्का बसला. तो शिक्का ऑक्टोबर १९४२ मध्ये निघाला, पण तोवर साध्या माणसांनी जे सोसायचं ते सोसलं. नेत्यांच्या हौसेने त्यांचं काय भलं झालं?

रेवदंडेकर: शाखा फुटली, म्हणजे विरोध करणारेही आतच होते ना? आणि तो शिक्का युद्धामुळे बसला. गावमंडळंच राहिली असती तरी बसलाच असता.

मीनाताई_नाशिक: तुम्ही दोघंही १९४२ पाशीच थांबलात. हीच संघटना पुढे थॅलेसेमियाच्या संशोधनाला निधी देत आली आहे. दक्षिण इटलीत हा आजार पिढ्यानपिढ्या आहे आणि आपल्याकडे सिंधी, लोहाणा कुटुंबांतही तो फार दिसतो. दर दोन-चार आठवड्यांनी रक्त चढवायला लागणारं मूल ज्यांच्या घरी आहे, त्यांना या पैशाचं मोल विचारा. अंत्यविधीच्या वर्गणीतून हे उभं राहिलं नसतं. मुलींनाही नावात जागा मिळाली ती २०१७ मध्ये, 'सन्स अँड डॉटर्स' झालं तेव्हा. हे फार उशिरा झालं, याचा मला राग आहे.

टिपणवही: मीनाताई, थॅलेसेमियाचं काम मोलाचंच आहे. पण देणगी दुरून देता येते. पाय मोडलेल्याच्या घरी त्या आठवड्याचे पैसे घेऊन जाणारा माणूस त्याच्याच गावचा असावा लागतो, यावर मी ठाम आहे.