स्पेलिंग तेच, अर्थ भलताच! तुमची फजिती सांगा

सुरुवात मीच करतो. आई-बाबा पहिल्यांदाच जर्मनीला आलेत, परवा बागेच्या सामानाच्या दुकानात घेऊन गेलो तर आई एक डबा हातात धरून अक्षरं जुळवत बसली, रॅट... गिफ्ट... "अरे, इथे उंदरांना कसलं रे गिफ्ट देतात?" म्हटलं आई ठेव तो खाली, विष आहे! जर्मनमध्ये गिफ्ट म्हणजे विष. मूळ 'देणे' वरूनच आलंय म्हणे, आणि मिटगिफ्ट म्हणजे चक्क हुंडा, हे ऐकून बाबा जे हसत सुटले ते पार्किंगपर्यंत. येऊ द्या तुमचे किस्से.

मग स्वीडनला या की! इथे गिफ्ट म्हणजे विष आणि 'विवाहित' पण, स्पेलिंग सेम. फॉर्ममध्ये त्यावर टिक केली आणि नवऱ्याला फोटो पाठवला, दोन दिवस बोलला नाही.

इटलीत नळावर सी लिहिलेलं, मी कोल्ड समजून भसकन सोडला. सी म्हणजे काल्दो, गरम. बोट अजून लाल आहे.

माझं जरा वेगळं. चेक देशातल्या ब्रनोला दोन वर्षं राहिलोय, घराच्या करारात फ्लॅटबरोबर 'स्क्लेप' लिहिलेलं, म्हणजे तळघर, सायकली नि बॅगा ठेवायला. नंतर पोलंडमधल्या क्राकोवला गेलो तर दर चार पावलांवर पाटी, स्क्लेप, स्क्लेप. म्हटलं या लोकांना तळघराचं एवढं काय कौतुक! पाण्याची बाटली घ्यायला दुकान शोधत अर्धा तास उन्हात फिरलो आणि पोलिशमध्ये स्क्लेप म्हणजेच दुकान निघालं. वर आणि चेकमध्ये चेर्स्त्वी पाव म्हणजे ताजा, पोलिशमध्ये उच्चार जवळजवळ तोच पण पाव शिळा. शेजारी शेजारी राहून असं कसं करतात कळत नाही.

मी पुण्यात स्पॅनिश शिकले, त्या जोरावर लिस्बनमध्ये मेनू कार्ड वाचायला गेले. 'अरोझ द पोल्वो.' अरोझ म्हणजे भात, स्पॅनिशमध्ये पोल्वो म्हणजे धूळ, पूड. वाटलं काहीतरी पूड घातलेला भात, आपल्या मसालेभातासारखा असेल, आणि मी पक्की शाकाहारी. आलं काय, तर भातातून वर आलेले ऑक्टोपसचे जांभळट पाय, वाट्यावाट्यांचे! पोर्तुगीजमध्ये पोल्वो म्हणजे ऑक्टोपस. भात मैत्रिणीने संपवला, मी पाव-लोणी खाल्लं, आणि बिलाच्या वेळी 'पागार' म्हणजे पैसे देणे, तेवढं मात्र न शिकता कळलं, आपला पगार तिथूनच आलाय ना!