संबंधानंतर आग होते: वीर्याची ॲलर्जी असू शकते का?

प्रश्न (आशा सेविका, कळमनुरी तालुका): निरोधशिवाय संबंध आला की एका बाईला दहा-पंधरा मिनिटांत आग, खाज, सूज येते. दोनदा बुरशीच्या गोळ्या घेऊनही फरक नाही. काय बघावं?

उत्तर १: ताई, तपासणी न करता तिसऱ्यांदा त्याच गोळ्या नकोत. दह्यासारखं पांढरं जात असेल तर बुरशी, माशासारखा वास असेल तर जिवाणूंचा बिघाड जास्त संभवतो. ट्रायकोमोनास (संबंधातून पसरणारा सूक्ष्म परजीवी) निघाला तर नवऱ्यालाही औषध लागतं, नाहीतर त्रास परत येतो. लघवीही तपासा.

उत्तर २: तपासण्या स्वच्छ आल्या तर निरोध वापरून बघा. वीर्य बाहेर न सांडता त्रास पूर्ण थांबला, तर वीर्याच्या ॲलर्जीचा संशय पक्का होतो. ॲलर्जी शुक्राणूंची नसते, प्रोस्टेटमधून (पुरुषातली वीर्यातला द्रव बनवणारी ग्रंथी) येणाऱ्या प्रथिनांची असते. निरोधनेच आग वाढली तर लॅटेक्सवर, म्हणजे त्याच्या रबरावर, संशय घ्या. आरोग्य केंद्रातला निरोध लॅटेक्सचाच असतो. मेडिकलमध्ये पॉलियुरेथेनचा (लॅटेक्स नसलेला, प्लास्टिकचा) मागा. आणि डेटॉल, तुरटीने आत धुणं आधी बंद करा, त्यानंही आग वाढते.

उत्तर ३: अंगभर गांध्या, ओठ सुजणं, धाप, चक्कर असेल तर लगेच १०८. घरी वाट बघायची नाही.

उत्तर ४: मूल हवं असेल तर घाबरू नका. वीर्यातल्या द्रवापासून धुऊन वेगळे केलेले शुक्राणू गर्भाशयात सोडून गर्भ राहू शकतो. घाटीच्या (छत्रपती संभाजीनगरचं सरकारी रुग्णालय) स्त्रीरोग ओपीडीत विचारा.