शब्दचर्चा : इलेक्ट्रॉनचे 'संक्रमण'

प्रश्न : नागपुरात हिंदी पेपर घरोघरी येतो, त्यातले 'कोरोना संक्रमण' मुलांच्या डोळ्यांखालून गेलेले. बारावीला 'इलेक्ट्रॉनचे संक्रमण' (अणूतल्या एका ऊर्जापातळीतून दुसरीत जाणे) म्हटले की त्यांना आधी लागणच आठवते. त्याऐवजी 'उडी' म्हणावे का?

उत्तर १ : शब्द बदलू नका. लागणीला मराठीत संसर्ग आहे. संक्रमण म्हणजे एकातून दुसऱ्यात जाणे, आणि मकरसंक्रमण तर पोराटोरांना ठाऊक असते. सूर्य धनू सोडतो, पण नाव लागते ते पोचायच्या राशीचे, मकरेचे. हायड्रोजनमध्ये अगदी हेच होते. तिसरी, चौथी, पाचवी, कुठल्याही पातळीवरून इलेक्ट्रॉन दुसरीत आला की ती बामर श्रेणी, म्हणजे वर्णपटातल्या रेषांचा एक गट. पहिलीत आला की लायमन. एवढे मनात बसले तर श्रेणी ओळखताना गोंधळ होत नाही.

उत्तर २ : 'उडी'ची अडचण वेगळी आहे. ती ऐकून मूल वर बघते, आणि प्रकाश बाहेर पडतो तो इलेक्ट्रॉन खाली येताना. वर जाताना शोषण, खाली येताना उत्सर्जन.

उत्तर ३ : विहिरीतली उडी खालीच असते की! बोलताना चालू द्या. लिहिताना मात्र '३ → २ संक्रमण' असे दोन्ही आकडे लिहायला लावा, म्हणजे दिशेचा प्रश्नच उरत नाही.

उत्तर २ : हे पटले. गणितातही दोन्ही आकडे लागतातच. पातळीची ऊर्जा म्हणजे −१३.६ भागिले क्रमांकाचा वर्ग, इलेक्ट्रॉनव्होल्टमध्ये. तिसरीची −१.५१, दुसरीची −३.४०, फरक १.८९. १२४० (इलेक्ट्रॉनव्होल्टवरून नॅनोमीटर काढायचा स्थिरांक) ला १.८९ ने भागा, तरंगलांबी ६५६ नॅनोमीटर, म्हणजे लाल रेषा. चूक बहुधा एकच होते: आधी क्रमांकांची वजाबाकी आणि मग वर्ग. वर्ग आधी, वजाबाकी नंतर.

उत्तर १ : आणखी एक. ३ → २ आणि २ → १ यांच्या तरंगलांबी, ६५६ व १२२, जोडून मुले ३ → १ साठी ७७८ लिहितात. बेरीज ऊर्जेची होते: १.८९ अधिक १०.२० म्हणजे १२.०९. त्यावरून तरंगलांबी १०२.६ नॅनोमीटर, अतिनील.

प्रश्नकर्ता : मग 'तरंगदैर्घ्य'?

उत्तर ३ : ते हिंदीतले. मराठीत तरंगलांबी.