आईच्या पायाच्या नसा: मोजे की लेझर? आजच सांगा

कातळावरची: शनिवारी आईला घेऊन कोल्हापूरला जातेय, त्याआधी ठरवायचंय. पोटरीवर नसा फुगून दोरीसारखा पीळ पडलाय. इथल्या डॉक्टरांनी घट्ट मोजे दिले. मे महिन्यात देवगडात ते घालून दाखवा! चढवायला दोघं लागतात, दुपारी काढले की पिळून पाणी निघतं. लेझरने कायमचं जातं का? खर्च किती? आणि "डॉक्टरांना विचारा" लिहू नका प्लीज.

खाडीपलीकडे: वय? एकच पाय की दोन्ही? साखर? डॉप्लर झाला का?

कातळावरची: ६१. खानावळ आहे आमची, तीस वर्षं शेगडीपुढे उभी. डावा जास्त. डॉप्लर म्हणजे सोनोग्राफीच ना? पोटाची झालीय.

खाडीपलीकडे: पोटाची नव्हे हो, पायाच्या शिरांची. शिरांत झडपा असतात, वर चढलेलं रक्त त्या खाली येऊ देत नाहीत. झडपा नीट मिटेनाशा झाल्या की रक्त साचून शीर फुगते. गळती कुठे आहे ते दिसल्याशिवाय लेझर की इंजेक्शन हे कोण सांगणार?

बाबल्या: माझ्या आवशीक वैद्यान जळवो लावल्यान. पाय हलको झालो. लेझरात कित्याक पैशे घालवतास?

निवृत्त मास्तर: जळवांनी ठणका उतरेल, झडप कशी दुरुस्त होईल? फळ्यापुढे ३४ वर्षं उभा राहिलो मी. २००९ साली जांघेत चीर देऊन शीरच काढून टाकली. खरा उपाय तोच.

पाणबुडी: मास्तर, आता चीर कशाला? माझी लेझरने केली. जागा बधिर करून शीर आतून भाजून बंद करतात, रक्त बाकीच्या चांगल्या शिरांतून जातं. त्याच दिवशी चालत घरी आले. पण दोन वर्षांनी बारीक जाळी परत दिसली, तिला फोमचं इंजेक्शन घेतलं. तेव्हा कायमचं वगैरे विसरा. मोजे सकाळी अंथरुणातून पाय खाली टाकायच्या आधी घालायचे, हातात भांडी घासायचे रबरी हातमोजे घालून. सरसर चढतात. खर्चाचं म्हणाल तर फुले योजनेत बसतं का ते आरोग्यमित्राला विचारा.

हापूसवाला: शनिवारी करूळ घाटाने जाणार का? मामाकडे एक पेटी पोचवायची होती.

कातळावरची: पेटीचं नंतर. एक सांगायचं राहिलं. डाव्या घोट्याच्या आतल्या बाजूला कातडी काळपट झालीय. तिथे डास चावून खाजवलं, ती जखम दोन महिने भरत नाहीये. हळद लावतोय. साखरेची गोळी चालू आहे. पण हे वेगळंच असेल ना?

खाडीपलीकडे: अहो, हे पहिल्या ओळीत लिहायचं! वेगळं कसलं? साचलेल्या रक्तानेच तिथली कातडी काळवंडते आणि मग जखम भरत नाही. हळद बंद करा. त्यात साखर, म्हणजे पायाला रक्त नीट पोचतंय का हे तपासल्याशिवाय घट्ट मोजेसुद्धा नकोत. शनिवारपर्यंत थांबू नका, उद्याच सर्जनना दाखवा.

बाबल्या: जखमेर जळवो नको हां बाय. मी उगीच बोललंय.

कातळावरची: ती म्हणते, उद्या सत्तर पानांची ऑर्डर आहे, सोमवारी बघू.

पाणबुडी: पानं शेजारणी वाढतील. तुम्ही निघा.

कातळावरची: ऑर्डर रद्द केली. माझ्याशी बोलत नाहीये. सकाळी सहाची एसटी.