कुवेत: तोझ (धुळीचं वादळ) ओसरला, घरातली धूळ नाही. दम्याच्या मुलासाठी ४० दिनारांत प्युरिफायर सुचवा

सालमियाकर: तोझ काल थांबला, पण मुलगा (वय ७, दमा) रात्रभर खोकतोय. त्याची खोली १२ चौरस मीटर, विंडो एसी. बजेट ४० दिनार, त्यावर एक फिल्सही नाही. कोणता घेऊ?

फहाहीलची_वहिनी: ४० मध्ये खेळणं येतं भाऊ. १२० वाला घ्या, आमच्याकडे तोच आहे. हॉलमध्ये ठेवला की सगळ्या घराला पुरतो. जोडीला ह्युमिडिफायर लावा, घशाला आराम पडतो.

फिल्टरवाला: हॉलमधला प्युरिफायर बंद दाराआडची हवा साफ करत नाही. किंमत नंतर, आधी सीएडीआर बघा, म्हणजे यंत्र तासाला किती घनमीटर स्वच्छ हवा देतं तो आकडा. १२ × २.७ मीटर उंची म्हणजे सुमारे ३२ घनमीटर. ती हवा तासाला ५ वेळा गाळायची तर सीएडीआर १६० लागतो. पण डब्यावरचा आकडा फुल स्पीडचा असतो, रात्री स्लीप मोडवर तो खूप खाली येतो. २५०च्या पुढचाच घ्या. नुसता ‘हेपा टाइप’ लिहिलेला फिल्टर नको, एच१३ दर्जाचा खरा हेपा (अगदी बारीक धूळ अडवणारा) हवा. आयोनायझरचं बटण असेल तर बंद ठेवा, त्यातून निघणारा ओझोन दम्याला वाईट. आणि नळाच्या पाण्यावर अल्ट्रासॉनिक ह्युमिडिफायर चालवला तर क्षारांची पांढरी भुकटी हवेत उडते, ती वेगळीच डोकेदुखी.

अहमदी_नागपूर: घरी बनवा! २० इंची बॉक्स फॅन, चार बाजूंना मर्व्ह १३ दर्जाचे (बारीक धूळ अडवणारे) फिल्टर, टेप.

फिल्टरवाला: तो पंखा बहुतेक अमेरिकन, १२० व्होल्टचा. इथल्या २४० वर थेट लावला तर मोटर जळेल.

अहमदी_नागपूर: २४० वाला मिळतो, शोधायला हवा.

डक्टवाला: धूळ येते कुठून ते कुणीच विचारलं नाही. विंडो एसीवर व्हेंटचा खटका असतो. तो उघडा राहिला तर बाहेरची हवा आत येते. बंद करा. चौकटीभोवतीची फट फोमच्या पट्टीने भरा. जाळी धुवा, पण पूर्ण सुकल्याशिवाय लावू नका, बुरशी धरते. बारीक धूळ ती जाळी अडवत नाही, त्या भरवशावर राहू नका. आणि तोझ चालू असताना बाथरूमचा एक्झॉस्ट लावायचा नाही: तो जेवढी हवा बाहेर फेकतो, तेवढीच धुळकट हवा दाराखालून आत ओढली जाते.

फहाहीलची_वहिनी: तरीपण १२० वालाच. फिल्टर किती उरला ते अ‍ॅपवर दिसतं.

वॉर्ड_सिस्टर: यंत्रं नंतर घ्या, आधी मुलगा. रोजचा प्रिव्हेंटर (दमा आटोक्यात ठेवणारा) पंप बरं वाटलं म्हणून बंद करू नका. आरामाचा पंप (त्रास झाला की घ्यायचा) स्पेसरमधूनच, म्हणजे पंपाला जोडायच्या प्लास्टिकच्या नळीतूनच द्या: हलवा, एक पफ, ५-६ सावकाश श्वास, मग पुढचा. स्पेसर साबणाच्या पाण्यात धुवा आणि तसाच वाळू द्या. फडक्याने पुसला तर स्थिर विजेमुळे औषध आतल्या भिंतीलाच चिकटतं. बरगड्यांमधली कातडी आत ओढली जाते, वाक्य पुरं होत नाही, ओठ निळसर दिसतात? लगेच ११२.
झाडू मारू नका. ओल्या फडक्याने वरून खाली पुसा, पडदे धुवा, आणि तेवढा वेळ मुलाला दुसऱ्या खोलीत ठेवा.

अहमदी_नागपूर: ओलं फडकंच, झाडू नको.

सालमियाकर: खटका उघडाच होता! प्युरिफायर सध्या घेत नाही. मुलगा आजपासून आमच्या खोलीत झोपेल, तिथे स्प्लिट आहे आणि एकच लहान खिडकी. फोम पट्टी, दाराखालचा ब्रश आणि नवा स्पेसर आणतोय. सिस्टर, पंप दाखवायला उद्या क्लिनिकला नेतो.

फहाहीलची_वहिनी: पुढच्या शमालला (धूळ आणणारा वारा) प्युरिफायर घ्यालच.