मदत हवी आहे: एकाच काळ्या बिअरला २ पण आणि ९ पण, चूक कुणाची?

नमस्कार मंडळी. मुक्काम जुळे सोलापूर. प्रश्न बिअरचा आहे. परवाने चौघांकडेही आहेत, त्यामुळे तेवढा उपदेश सोडून बोला.

भाचा परदेशातून आला तेव्हा माझ्यासाठी दोन बाटल्या घेऊन आला. इंपीरियल स्टाउट, म्हणजे कडक काळी बिअर, ३३० मिली, अल्कोहोल ११.५ टक्के. आपल्याकडची स्ट्राँग ८ टक्क्यांवर थांबते, त्यावरून अंदाज करा. मार्चमध्ये आल्या. चांगला मुहूर्त बघून उघडू म्हणत पत्र्याखालच्या माळ्यावर उभ्या करून ठेवल्या आणि मुहूर्त लागला जूनमध्ये, पहिला पाऊस पडला तेव्हा. मधले एप्रिल-मे सोलापूरचे होते, जास्त सांगत नाही.

आम्हा चौघांना एक खोड आहे. नवं काही खाल्लं-प्यायलं की दहापैकी मार्क देऊन वहीत लिहायचं. हुरडा, आंबे, कुणाकडची शेंगाची पोळी, सगळं त्या वहीत आहे. भांडणं होतात, पण मार्कांत दोन-तीनच्या वर फरक पडत नाही. या बिअरला पडले २, ४, ५ आणि ९.

२ वाला म्हणतो, "ही बिअर न्हाई बे, सोया सॉसात कोळसा कालवलाय." ९ वाला डोळे मिटून बसला होता. त्याला कॉफी लागली, खजूर लागला, कढईला चिकटलेला गूळ लागला. ५ माझे. मला आधी नुसतं गार आणि कडू लागलं, शेवटच्या घोटाला मळीसारखा वास आला. साखर कारखान्यांच्या जिल्ह्यात वाढलोय, तो वास ओळखायला मी चुकायचो नाही.

तर बाटली उन्हानं गेली, की हा प्रकारच असा असतो? आणि मार्क नेमके कशाला द्यायचे? मला आवडली याला, की त्या जातीची बिअर जशी असावी तशी ती आहे याला? एक बाटली शिल्लक आहे, ती अशीच घालवायची नाही. जाता जाता, काळा रंग कशाचा तेही सांगा. आमच्यातला एक जण पैजेवर सांगतोय की काकवी घालतात.

प्रतिसाद १
आमच्याकडे ताकाला चौघांचे एकमताने १० पडतात. बघा बुवा.

प्रतिसाद २
काकवीची पैज साधारण हरलातच. कुणी हौसेनं घालतंही, पण काळेपणा भाजलेल्या धान्याचा. बार्लीचा थोडासा वाटा कॉफीच्या बियांसारखा जवळजवळ काळा होईपर्यंत भाजतात, बाकीचं माल्ट, म्हणजे मोड आणून वाळवलेलं धान्य, फिकटच असतं. १८१७ साली डॅनियल व्हीलर नावाच्या इंग्रज माणसानं त्यासाठी फिरत्या पिंपाची भट्टी पेटंट केली, तेव्हापासून एवढा गडद रंग सोपा झाला. शेंगदाणे भाजताना एक मिनिट जास्त झालं की जो कडवटपणा येतो ना, त्याच कुळातली ती चव.

बाटलीबद्दल सांगण्याआधी मला सांगा: कुणाला कितवा पेला मिळाला, कुणी लगेच प्यायला, आणि सोबत काय होतं?

धागाकर्ता
आता लाज वाटते, पण लिहितो. बाटली दोन तास फ्रीजरमध्ये होती. पेले स्टीलचे. पहिला ओतला तो ९ वाल्याचा, पण तेवढ्यात त्याला फोन आला आणि तो अर्धा तास गच्चीवर बोलत होता, परत येऊन प्यायला. मी दुसरा, ओतल्या ओतल्या संपवली. ४ वाला तिसरा. तळाचं सगळं २ वाल्याच्या पेल्यात. त्याच्या आणि ४ वाल्याच्या मध्ये शेंगा चटणीची वाटी होती, कडक भाकरीबरोबर.

प्रतिसाद २
मग झालं की! चौघं चार वेगळ्या बिअरी प्यायलात.

फ्रीजरमधल्या गारठ्यात वास उठतच नाही, जीभही बधिर होते. हा प्रकार १० ते १३ अंशांवर प्यायचा, तुमच्यापैकी फोनवाल्यानंच तो नीट प्यायला, नकळत. चटणीचा तिखटपणा अल्कोहोलनं आणखी भडकतो, त्यापुढे खजूर-बिजूर काय कळणार? आणि तळाशी यीस्टचा गाळ असतो. बाटली उकाड्यात राहिली की ते यीस्ट मरून फुटतं आणि मटणाच्या रश्श्याकडे, सोया सॉसकडे झुकणारी चव सोडतं. हवेनं जुनी झालेली काळी बिअरही त्याच वाटेनं जाते. थोडं मुरणं चांगलं, मनुका आणि शेरीची झाक येते. लंडनचे बिअरवाले अठराव्या शतकात रशियाच्या दरबाराला पाठवायचे ती ही जात, ठेवून पिण्यासारखीच आहे. पण तळघरात ठेवून. तुमच्या माळ्यावर नाही.

मार्कांचं म्हणाल तर बीजेसीपी ही परीक्षकांची अमेरिकी संस्था ५० पैकी देते: वास १२, रूप ३, चव २०, तोंडातला जडपणा-फेस ५, एकूण मत १०. त्यात जातीला धरून बघतात. वहीत शेजारी आवडीचा वेगळा रकाना ठेवा. दोन्ही एकात कोंबलं की भांडण ठरलेलं.

प्रतिसाद ३
रूपाला फक्त ३! फोटो टाकणाऱ्यांना हे कुणीतरी वाचून दाखवा.
बाकी चटणी आधी नको, शेवटी शेंगाची पोळी घ्या. मधे तोंड साफ करायला नुसती कडक भाकरी आणि पाणी.

धागाकर्ता
काल दुसरी उघडली. दोन दिवस फ्रीजमध्ये उभी ठेवली, बाहेर काढून वीस मिनिटं थांबलो, काचेच्या पेल्यांत न हलवता ओतली आणि बोटभर तळाशी सोडली. फोन चौघांचे कपाटात.

बीजेसीपीच्या तक्त्यावर ५० पैकी पडले ३१, ३३, ३४ आणि ३६. सोया सॉसची आठवण अगदी पुसट, ती सगळ्यांनाच आली, म्हणजे उन्हानं थोडं नेलंच. मळी मात्र गेली नाही, मला आता ती आवडायला लागलीय.

गेल्या वेळच्या २ वाल्यानं तक्त्यात ३४ दिले आणि आवडीच्या रकान्यात ३. म्हणाला, "केलंय झकास, पण मला नको." उरलेली त्यानं फोनवाल्याच्या पेल्यात ओतली आणि शेंगाची पोळी दोन वेळा घेतली.

तळाचं बोटभर कुणी प्यायचं यावर चिठ्ठ्या टाकल्या, माझी निघाली. सोया सॉस तिथंच होता वो.